'येस मिनिस्टर' पहिल्यांदा बघताय? कुठून सुरू करायचं, कसं बघायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की ती तू सारखी सांगतोस ती मंत्री आणि सचिवाची ब्रिटिश सिरीयल, ती बघायचीय पण सुरू कुठून करू, एक 'येस मिनिस्टर' दिसते, एक 'येस, प्राईम मिनिस्टर' दिसते, परत २०१३ ची पण एक दिसते आणि तिच्यात नट वेगळेच आहेत. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवू, कारण ही सिरीयल चुकीच्या टोकाने सुरू केली तर हातातून जाते आणि ती कोणाच्या हातातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः चुकीच्या टोकानेच सुरू केली होती. कॉलेजात असताना मित्राकडे 'येस, प्राईम मिनिस्टर'ची डीव्हीडी होती, तीच लावली, चार भाग बघितले आणि सोडून दिलं. सगळे चांगलं काम करत होते, हे कळत होतं, पण या माणसाने एवढं पंतप्रधानपद मिळवलंय तर तो आपल्याच सेक्रेटरीला इतका बिचकतो का, आणि एखाद दिवशी त्याच्यावर मात केली की लहान मुलासारखा खुश का होतो, हे काही लागत नव्हतं. तीन वर्षांनी पहिल्यापासून बघितली तेव्हा लागलं. ही एका माणसाच्या शिकण्याची गोष्ट आहे, आणि शिकण्याची गोष्ट मधून बघता येत नाही. म्हणून यूट्यूबवरच्या तीन मिनिटांच्या क्लिप्स बघून 'बघितली मी' असं म्हणू नका प्लीज, क्लिपमध्ये फक्त शेवटचा टोला दिसतो, तो टोला मारायला अठ्ठावीस मिनिटं जी तयारी केलेली असते ती दिसत नाही.

तर आधी हिशोब. लिहिली अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी, दाखवली बीबीसी टू ने. 'येस मिनिस्टर'चे तीन सीझन, प्रत्येकी ७ भाग, १९८० ते १९८२. मग १९८४ च्या डिसेंबरात एक तासाभराचा ख्रिसमस स्पेशल, नाव 'पार्टी गेम्स'. मग 'येस, प्राईम मिनिस्टर'चे दोन सीझन, प्रत्येकी ८ भाग, जानेवारी १९८६ ते जानेवारी १९८८. एकूण ३८ भाग. बाकीचे सगळे भाग साधारण अर्ध्या तासाचे. म्हणजे रोज जेवताना एक लावला तर सव्वा महिन्यात होते, आणि माझा सल्ला विचाराल तर रोज एकच, फार तर दोन, कारण भाषा दाट आहे, तीन-चार एकदम बघितले की कान थकतात आणि नंतरचे संवाद नुसते अंगावरून जातात.

माणसं तीनच लक्षात ठेवायची. जिम हॅकर हा मंत्री, काम केलंय पॉल एडिंग्टनने. सर हम्फ्री ॲपलबी हा त्याच्या खात्याचा पर्मनंट सेक्रेटरी, म्हणजे खात्यातला सर्वात वरचा अधिकारी, नायजेल हॉथॉर्न. आणि बर्नार्ड वूली, मंत्र्याचा प्रिन्सिपल प्रायव्हेट सेक्रेटरी, म्हणजे खासगी सचिव, डेरेक फोल्ड्स. खातं आहे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अफेअर्स', हे काल्पनिक खातं आहे, खऱ्या ब्रिटिश सरकारात नव्हतं, आणि हॅकरचा पक्ष कोणता हे सगळ्या भागांत कुठेही सांगितलेलं नाही. ते मुद्दाम केलंय, त्यामुळे शोधत बसू नका.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, ही आपल्याकडच्या प्रेक्षकाला आधी कोणीतरी सांगायलाच हवी. आपण महाराष्ट्रात वाढलेली माणसं ही सिरीयल बघायला बसलो की दुसऱ्याच भागात मनात येतं, अरे एवढा त्रास देतोय तर कर की त्याची बदली! आपल्या डोक्यात मंत्री आणि अधिकारी म्हटलं की बदली पहिली येते. सचिव नकोसा झाला की एका आदेशाने तो कुठल्या तरी महामंडळावर जातो, रोज पेपरात वाचतो आपण. ब्रिटनमध्ये उलटं आहे. तिथे पर्मनंट सेक्रेटरी नावाप्रमाणे तिथेच असतो, मंत्री येतात, जातात, सरकार बदलतं, पक्ष बदलतो, आणि हा त्याच खुर्चीत. सिरीयलच्या काळात तर मंत्री त्याला सहज हात लावू शकत नव्हता, त्याच्या बढतीत वजन कॅबिनेट सेक्रेटरीचं, म्हणजे अधिकाऱ्यांमधल्याच सर्वात वरच्या माणसाचं. पदावर परीक्षेने यायचं, कुठल्या पक्षाच्या मर्जीने नाही, ही तिथली रीत १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालापासूनची, आणि आपली आयसीएस आणि मग आयएएस ही त्याच विचारातून आलेली. पण आपल्याकडे त्या झाडाला बदलीची फांदी फुटली, तिकडे नाही. हे एकदा डोक्यात पक्कं केलं की सगळी सिरीयल उलगडते. हॅकर हम्फ्रीला काढू शकत नाही, हम्फ्री हॅकरला काढू शकत नाही, दोघांना एकाच खोलीत राहायचंय. लग्नासारखं आहे ते.

बर्नार्डची अडचण पण इथेच कळते. तो काम करतो मंत्र्याचं, पण त्याचं पुढचं सगळं करिअर हम्फ्रीच्या हातात. दोघेही त्याच्याकडे बघून विचारतात, तू कोणाचा? बिचारा कधी खरं उत्तर देऊ शकत नाही, मग शब्दाच्या व्याकरणात शिरतो, म्हण चुकली असेल तर ती दुरुस्त करतो. पहिल्यांदा बघताना हा नुसता विनोदी वाटतो. दुसऱ्यांदा बघताना मी फक्त त्याच्याकडे बघत होतो, दोघे भांडत असताना तो मागे उभा राहून काय करतो ते, आणि ते बघण्यासारखं आहे.

अजून थोडे शब्द, म्हणजे मध्ये थांबावं लागणार नाही. व्हाईटहॉल म्हणजे आपलं मंत्रालय, वेस्टमिन्स्टर म्हणजे विधानभवन. रिशफल म्हणजे खातेबदल, या शब्दाने हॅकरला घाम फुटतो. क्वांगो म्हणजे साधारण आपली महामंडळं, आणि तिथे वर्णी लावणं हे तिथेही अगदी आपल्यासारखंच, पहिल्या सीझनचा शेवटचा भाग पूर्ण त्यावर आहे. सिलेक्ट कमिटी म्हणजे आपल्या लोकलेखा समितीसारखी समिती. पार्लमेंटरी क्वेश्चन म्हणजे तारांकित प्रश्न. आणि 'ऑनर्स' म्हणजे सर, नाईट वगैरे पदव्या, ज्यांच्यासाठी अधिकारी जीव टाकतात, दुसऱ्या सीझनमध्ये यावर 'डुइंग द ऑनर्स' नावाचा एक अख्खा भाग आहे.

सबटायटल्स लावा, इंग्लिश सबटायटल्स, लाजू नका. हम्फ्री एक वाक्य बोलायला घेतो आणि ते वाक्य पाऊण मिनिट चालतं, आत पोटवाक्य, त्याच्या आत अजून एक. पहिल्यांदा ऐकताना समजलं नाही तर तुमचं काही चुकत नाहीये, हॅकरलाही समजत नाही, तेच तर चाललंय तिथे. माझी पद्धत अशी, पहिल्यांदा वाक्य न थांबवता जाऊ द्यायचं आणि नजर हॅकरच्या चेहऱ्यावर ठेवायची, एडिंग्टनच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल येतं, मग धूसरपणा, मग एक छोटी भीती की आता मला यावर काहीतरी बोलावं लागणार. मग दहा-वीस सेकंद मागे जाऊन वाक्य वाचायचं आणि त्यातलं मुख्य क्रियापद शोधायचं. बहुतेक वेळा ते 'नाही' असतं. ज्याने सरकारी टिप्पणी वाचलीय, 'प्रस्तुत प्रकरणी वस्तुस्थिती विचारात घेता' पासून सुरू होणारी, त्याला हा व्यायाम जुनाच आहे. माझे वडील सरकारी कचेरीत होते, इंग्लिश बेताचं, पण हम्फ्री बोलायला लागला की ते भाषेच्या चालीवरूनच ओळखायचे की आता हे प्रकरण फाईलबंद होणार.

पहिला सीझन. पहिला भाग 'ओपन गव्हर्नमेंट', इथूनच सुरू करायचं, अजिबात सोडायचा नाही. हॅकर निवडणूक जिंकलाय, घरी बसलाय, फोनची वाट बघतोय की पंतप्रधानांकडून बोलावणं येतंय का, फोन वाजला की झडप घालतोय. मग खात्यात पहिला दिवस, ओळखी होतात, हम्फ्री पदं सांगायला लागतो, अमुक सेक्रेटरी, तमुक सेक्रेटरी, डेप्युटी सेक्रेटरी दहा, अंडर सेक्रेटरी ८७, असिस्टंट सेक्रेटरी २१९. हॅकर विचारतो, या सगळ्यांना टायपिंग येतं का? तर नाही, कोणालाच येत नाही, टायपिंग एक बाई करतात, आणि त्या खऱ्या सेक्रेटरी. हे दोन मिनिटांत होतं आणि खात्याचा अख्खा नकाशा कळतो. हा भाग खरं तर १९७९ मध्येच रेकॉर्ड झाला होता, पण निवडणूक आली म्हणून बीबीसीने मागे ठेवला आणि फेब्रुवारी १९८० मध्ये दाखवला.

या सीझनमध्ये फ्रँक वायझेल नावाचा हॅकरचा राजकीय सल्लागार असतो, पुढे दिसत नाही, त्यामुळे गेला कुठे म्हणून गोंधळू नका, सीझनच्या शेवटी त्याची सोय लावलेली आहे. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत थोडं जड गेलं तरी चालू ठेवा. सहाव्या भागात, 'द राईट टू नो'मध्ये, तो प्रसिद्ध धडा येतो की अधिकारी जेव्हा मंत्र्याला म्हणतो तुमचा निर्णय 'वादग्रस्त' आहे, तेव्हा अर्थ असतो मतं जातील, आणि जेव्हा म्हणतो 'धाडसी' आहे, तेव्हा अर्थ असतो निवडणूक जाईल. त्यानंतर हम्फ्रीच्या तोंडी 'करेजस' शब्द आला की हॅकरचा चेहरा बघायचा. हा शब्द पुढे परत परत येतो, म्हणून क्रमाने बघा म्हणतो मी.

दुसऱ्या सीझनमध्ये गाडी खरी पळायला लागते. पहिलाच भाग, 'द कम्पॅशनेट सोसायटी', मला विचाराल तर संपूर्ण मालिकेतला सर्वात चांगला बांधलेला भाग. एक नवंकोरं हॉस्पिटल, ५०० लोकांचा प्रशासकीय आणि इतर कर्मचारीवर्ग, सगळे दिवसभर कामात बुडालेले, आणि पेशंट एकही नाही. हॅकर स्वतः बघायला जातो. रिकामे वॉर्ड, चकचकीत यंत्रं, आणि बरोबर फिरणारी हॉस्पिटलची प्रशासक बाई जी खरोखर अभिमानाने सांगते की आमचं हॉस्पिटल किती स्वच्छ आहे, बक्षिसाच्या शर्यतीत आहे. ती खोटं बोलत नाहीये, हे लक्षात घ्या, तिला मनापासून वाटतंय की हे उत्तम चाललंय. इथे हसू येतं आणि त्याच वेळी पोटात काहीतरी होतं. ज्याने तालुक्याच्या गावी उद्घाटन झालेली पण डॉक्टर नसलेली आरोग्य केंद्राची इमारत बघितलीय त्याला जास्तच होईल.

तिसऱ्या सीझनपासून एक काम करा, एक वही घ्या. प्रत्येक भागानंतर तीनच ओळी लिहायच्या: हॅकरला काय हवं होतं, हम्फ्रीला काय हवं होतं, आणि कोणाला मिळालं. मी हे केलं आणि मला जे कळलं ते नुसतं बघून कळलं नसतं, की हॅकर आता जिंकायला लागलाय, आणि जिंकतो तेव्हा हम्फ्रीचीच हत्यारं वापरून जिंकतो. 'द स्केलेटन इन द कपबोर्ड' नीट बघा. तीस वर्षांपूर्वी एका तरुण अधिकाऱ्याकडून स्कॉटलंडमधल्या जमिनीच्या करारात एक नेहमीचं कलम घालायचं राहून गेलं आणि सरकारची चार कोटी पौंडांची जमीन जायची वेळ आली, आणि तो अधिकारी कोण ते तुम्हीच बघा. त्यातच जुनी फाईल बाहेर द्यायची वेळ येते तेव्हा फाईलवरच्या नोंदीत असतं, की कागद पूर्ण आहेत, फक्त काही गुप्त असल्याने काढलेत, काही चालू फायलींमध्ये आहेत, काही १९६७ च्या पुरात गेले, असं करत करत फाईलमध्ये काहीच उरत नाही. हॅकर विचारतो १९६७ चा हिवाळा फार वाईट होता का, आणि उत्तर मिळतं, छे, फार छान होता, अडचणीच्या किती फायली गेल्या! ज्याला कधी 'आपली नस्ती सापडत नाही' असं पत्र आलंय त्याने हा भाग दोनदा बघावा.

याच सीझनमधला 'द व्हिस्की प्रीस्ट' रात्री उशिरा बघू नका, तो हसवतो कमी. ब्रिटिश हत्यारं दहशतवाद्यांपर्यंत पोचतायत हे हॅकरला कळतं, आणि त्याला खरंच काहीतरी चांगलं करायचंय, आणि तो ते करत नाही. त्याला माहीत आहे तो करत नाहीये.

मग 'पार्टी गेम्स'. हा भाग हमखास सुटतो, कारण याद्यांमध्ये स्पेशल म्हणून कुठेतरी वेगळा पडलेला असतो, आणि हाच सुटला तर पुढचं सगळं लटकतं. पंतप्रधान पद सोडतायत, दोन तगडे दावेदार आहेत, दोघांच्याही फायलीत काहीतरी आहे, हम्फ्री स्वतः कॅबिनेट सेक्रेटरी होऊन वर गेलाय, आणि वरच्या लोकांना असा माणूस हवाय जो फार काही करणार नाही. त्याच सुमाराला युरोपातून ब्रिटिश सॉसेजचं नाव बदलायचा घाट घातला जातो. एका सॉसेजवरून माणूस पंतप्रधान कसा होतो हे एका तासात पटवून दिलंय आणि पटतं. आपल्याकडे असे मुख्यमंत्री झालेले आपण बघितलेत, दोन गटांच्या भांडणात तिसऱ्याच्या गळ्यात माळ. या भागासाठी पूर्ण तास मोकळा ठेवा, मध्ये तोडू नका.

'येस, प्राईम मिनिस्टर'मध्ये पट मोठा होतो, अण्वस्त्रं, परराष्ट्र खातं, चर्चचे बिशप, आणि डोरोथी वेनराईट नावाची राजकीय सल्लागार येते जी हम्फ्रीला अजिबात घाबरत नाही. तिच्यामुळेच 'द की' हा भाग घडतो. भांडण एका किल्लीचं आहे, नंबर १० मध्ये, म्हणजे पंतप्रधानांच्या घर-कार्यालयात, हवं तेव्हा शिरता येणाऱ्या दाराची, आणि ती हम्फ्रीकडून काढून घेतली जाते. सगळ्या मालिकेत अंगविक्षेपाचा विनोद जवळजवळ नाही, सगळं बोलण्यात, आणि म्हणूनच इथे जेव्हा हा सुटाबुटातला, ऑक्सफर्डचा, कधी आवाज न चढवणारा माणूस आधी दार बडवतो आणि मग खिडकीतून आत यायला बघतो तेव्हा जो परिणाम होतो तो क्रमाने आलेल्या माणसालाच मिळतो. 'द मिनिस्टीरिअल ब्रॉडकास्ट'मध्ये हम्फ्री बर्नार्डला दाखवतो की प्रश्नांची रांग बदलली की एकच माणूस एकाच विषयावर 'हो' पण म्हणतो आणि 'नाही' पण. निवडणुकीच्या आधी सर्व्हे वाचणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा आहे तो. आणि 'ए व्हिक्टरी फॉर डेमोक्रसी'मध्ये काहीच न करण्याच्या चार पायऱ्या सांगतात, आधी काही होणार नाही म्हणायचं, मग होईल पण आपण काही करू नये, मग करायला हवं पण करता येत नाही, शेवटी करता आलं असतं पण आता उशीर झाला. वहीत लिहून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतात ओळखायला.

३८ भाग झाल्यावरच बाकीचं. २०१० मध्ये याच दोघा लेखकांनी नाटक केलं, इंग्लंडमधल्या चिचेस्टरला, डेव्हिड हेग हॅकर आणि हेन्री गुडमन हम्फ्री, आणि त्यावरून २०१३ मध्ये गोल्ड नावाच्या चॅनलवर ६ भाग आले. वाईट नाहीत, पण सगळी गोष्ट एका बंगल्यात, एकाच पेचाभोवती, आणि हॅकर जास्त आरडाओरडा करतो. मूळ बघून झालं असेल तर बघा, सुरुवात याने करू नका, मूळच्या तिघांची नाडी यात नाही. मूळचे तिघेही आता नाहीत, एडिंग्टन १९९५ मध्ये गेले, हॉथॉर्न २००१ मध्ये, फोल्ड्स २०२० मध्ये.

मूळ नटांचाच आवाज अजून ऐकायचा असेल तर बीबीसी रेडिओची आवृत्ती आहे, १९८३-८४ ची, प्रवासात ऐकायला फारच छान, कारण मुळात हा विनोद कानाचाच. आणि ज्यांना इंग्लिश ऐकायला जड जातं पण वाचायला जमतं त्यांनी पुस्तकं घ्या, ती हॅकरची डायरी अशा रूपात लिहिलीत. पानावर हम्फ्रीचं वाक्य सावकाश सोडवता येतं, आणि हॅकर डायरीत स्वतःला किती मोठं करून लिहितो हे बघताना सिरीयलमध्ये न दिसलेला एक माणूस दिसतो.

'जी मंत्रीजी' ही या सिरीयलची आपली भारतीय आवृत्ती. २००१ मध्ये स्टार प्लसवर, हिंदीत, फारूख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह आणि सचिवाच्या भूमिकेत जयंत कृपलानी. मूळ भागांवरूनच केलेली. फारूख शेखचा तो गोड, गोंधळलेला चेहरा या कामाला फार शोभला. मूळ मालिका झाल्यावर त्याच कथेचा हिंदी भाग लावून बघा, जिथे बदलीचा प्रश्न मनात येतो तिथे परत येतो, आणि दिल्लीच्या वातावरणात तोच पेच वेगळा वाटतो.

डीव्हीडी घेणाऱ्यांसाठी एक, डीव्हीडी जगाच्या ठरावीक भागापुरतीच चालेल अशी बांधलेली असते, ब्रिटनहून मागवलेला सेट रीजन २ चा असतो आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे ऑल-रीजन प्लेअर असल्याशिवाय पैसे घालू नका, माझ्या काकांनी लंडनहून कौतुकाने आणलेला सेट सहा महिने कपाटात पडून होता.

आणि सुरू करताना टायटल्स पळवू नका. जेराल्ड स्कार्फची ती लांब नाकांची व्यंगचित्रं एका रेघेत उलगडत जातात, आणि रॉनी हेझलहर्स्टचं संगीत बिग बेनच्या टोल्यांवरून बांधलंय, ते पहिल्या दोन स्वरांतच कळतं.